आयराने तीनदा वजीर दिला

सिबुनाग, गिमारास
२ ऑगस्ट

प्रिय क्रिसांतोदादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच फेकलं नाहीस, एवढ्यावरच माझं निम्मं काम झालं. तू माझा नंबर बंद केलास. शेजारच्या नीदाच्या फोनवरून लावला तर आवाज ओळखून ठेवून दिलास. म्हणून कागद घेतला.

आई बरी आहे. गुडघा सुजतो, पण पहाटे उठून नारळाच्या दुधातला चिकट भात शिजवायचा, पानांत गुंडाळायचा आणि बोटीच्या धक्क्यावर विकायला बसायचं, हे सुटत नाही. यंदा आंबा लवकर संपला. बाबांच्या थडग्यावरचा क्रूस वाऱ्याने कलला होता, तो मी सरळ करून घेतला. तुझी मॅनिलाची नोकरी कशी आहे? मालकाची गाडी अजून तूच चालवतोस ना?

आपल्या धाकट्या आयराचं म्हणशील तर ती तिकडे आखातात ठीक आहे. म्हणजे असावी.

तुला सगळं सांगायला हवं, कारण एप्रिलमधल्या भांडणापासून आपण बोललेलो नाही. तिथे पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिच्या मालकिणीने तिचा फोन काढून घेतला. आयराला आधी कळलं होतं, म्हणून तिने मला घाईघाईत फोन केला होता. म्हणाली, "ताई, फोन गेला तरी घाबरू नकोस. इथे दाना म्हणून सहा वर्षांची मुलगी आहे. तिच्या टॅबवर बुद्धिबळाचा कार्टूनचा खेळ आहे. दुपारी मला तिच्याजवळ बसवतात. तू तोच खेळ तुझ्या फोनवर घे, मी दानाच्या नावाने तुला बोलावते."

म्हणून मी तो खेळ घेतला. 'तळ्यातला राजा' नाव आहे. तुला हसू येईल. बाबांनी आपल्याला ज्या पटावर शिकवलं, तोच पट, तेच नियम, फक्त सगळं तळ्यात. राजा म्हणजे डोक्यावर गवती टोपी घातलेला लठ्ठ रेडा. एकेक घर सरकतो आणि दर वेळी धापा टाकतो. वजिराच्या जागी छत्री घेतलेली कोंबडी. हत्तीऐवजी खेकडे, उंटाऐवजी तिरके उडणारे बगळे, घोड्याऐवजी बेडूक, ते अडीच घरं बरोबर उडी मारतात. प्यादी म्हणजे बदकाची पिल्लं. पिल्लू पलीकडच्या काठाला पोचलं की त्याला छत्री मिळते आणि त्याची कोंबडी होते, हे कसं ते विचारू नकोस. कोणी मारलं गेलं की रक्त वगैरे नाही. खेकडा चिमटा काढतो, समोरचा किंचाळत हवेत उडतो, पुढच्या चिखलात डोक्यावर आपटतो आणि पाय झाडतो. लहान मुलं खदाखदा हसत असतील.

मुलांचा खेळ म्हणून त्यात काही लिहिता येत नाही. फक्त सहा चेहरे पाठवता येतात. हसरा, रडका, रागावलेला, झोपलेला, डोळा मारणारा आणि जीभ काढणारा. आणि घाई नाही. एक चाल करायला दहा दिवस मिळतात. पटाच्या कडेने एक गोगलगाय चालत असते. ती टोकाला पोचेपर्यंत चाल आली नाही तर ज्याची पाळी त्याचा राजा झोपी जातो आणि डाव संपतो.

मे महिन्यापासून रोज एक चाल तिची, एक माझी. आपल्याकडे संध्याकाळ व्हायला लागली की तिची चाल येते. चाल आली म्हणजे आयरा आहे. एवढंच मला कळत होतं आणि तेवढं पुरत होतं.

तीन दिवस झाले, चाल आलेली नाही.

तसं काही नसेल. टॅब बिघडला असेल, दाना आजोळी गेली असेल. पण तू मॅनिलात आहेस, परदेशी गेलेल्या कामगारांचं मोठं ऑफिस तुझ्या रस्त्यावरच आहे. तिथे जाऊन नुसती चौकशी करशील का, की घरच्यांचा संपर्क तुटला तर काय करतात? नुसतं विचार. आयराचं नाव सांगू नकोस, कागदपत्रांचं बोलू नकोस. आईला यातलं काही माहीत नाही.

पत्र मिळालं की नीदाच्या फोनवर कळव.

तुझी,
ज्युव्ही


६ ऑगस्ट

दादा,

पहिलं पत्र तुला मिळालं की नाही ठाऊक नाही, उत्तर नाही. कदाचित अजून वाटेत असेल. थांबवत नाही म्हणून पुन्हा लिहिते.

काल आई धक्क्यावरून आली आणि टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "आयराला स्वप्नात पाहिलं. ओल्या कपड्यांत उभी होती."

मी म्हटलं, "तिथे वाळवंट आहे आई. ओलं कशाला होईल?"

"तुझ्याशी बोलली का ती या आठवड्यात?"

"बोलली की. जाड झालीय म्हणाली."

आई हसली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेले.

दादा, पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. लिहायला बसले होते, मग आंब्याचं लिहिलं.

आयरा निघाली त्या दिवशी, तिची बॅग बांधताना, मी तिला म्हटलं होतं, "फार वाईट झालं तर कसं कळवशील?" तेव्हा आम्हाला खेळाचं काही माहीत नव्हतं, उगीच बोलत होतो. फोन गेला तेव्हा मात्र शेवटच्या मिनिटात तिने तेच काढलं. "ताई, चेहरे तर दानाही दाबते, त्यांचं धरू नकोस. मी तुला माझा वजीर फुकट दिला ना, तर समज मला इथून काढ. मी वजीर कधी फुकट देत नाही, तुला माहीत आहे." खरंच नाही देत. बाबांकडेसुद्धा तिने आठव्या वर्षी रडून रडून वजीर परत मागितला होता.

अठ्ठावीस जुलैला तिची चाल आली. तिने कोंबडी उचलून सरळ माझ्या खेकड्यासमोर आणून ठेवली. मागे राखणीला कोणी नाही. ती छत्री फिरवत उभी होती.

मी किती वेळ पडद्याकडे बघत होते सांगता येत नाही. आणि मग मी काय केलं माहीत आहे? एका टोकाचं बदकाचं पिल्लू एक घर पुढे सरकवलं. कोंबडीला हात लावला नाही. मनाशी म्हटलं, दाना खेळली असेल, पोरीला काय कळतं.

दुसऱ्या दिवशी कोंबडी माझ्या बेडकाच्या उडीत येऊन बसली. पुन्हा उघडी. मी दुसरं पिल्लू सरकवलं.

तिसऱ्यांदा, तीस तारखेला, तिने ती माझ्या पिल्लाच्या चोचीखाली आणून ठेवली. सहा वर्षांची मुलगीसुद्धा तीनदा तीच चूक करत नाही. मला कळलं होतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं. कोंबडी मारली असती तर तिला समजलं असतं की ताईला निरोप पोचला, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं. म्हणून मी बगळा हलवला, लांब, पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात.

त्यानंतर चाल आली नाही. त्या दिवसापासून गोगलगाय चालते आहे. दर तासाला मी फोन उघडून बघते. ती सरकताना दिसत नाही, पण सरकते. निम्म्याच्या पुढे गेली आहे.

तू विचारशील, मग तू स्वतः इलोइलोच्या ऑफिसात का जात नाहीस, बोटीने ते काय लांब आहे? ते मी सांगेन. आज नाही लिहवत. तू फक्त जा. बोलू नकोस माझ्याशी, पण जा.

ज्युव्ही


८ ऑगस्ट, सकाळ

दादा,

नीदाची बहीण आज विमानाने मॅनिलाला चालली आहे. हे पत्र ती तुझ्या हातात देईल. तिच्यासमोर वाचू नकोस.

भांडणाच्या दिवशी तू मला विचारलं होतंस, "एकोणीस वर्षांच्या पोरीला घरकामाला पाठवतच नाहीत, मग हिचे कागद झाले कसे?" मी म्हटलं होतं, एजंटबाईने केलं. ते अर्धं खरं होतं.

ती नोकरी माझी होती. एजंटबाईने, म्हणजे फेलिसाबाईने, माझं नाव दिलं होतं, माझी मुलाखत झाली होती, घर ठरलं होतं. मी सत्तावीस वर्षांची, वयात बसणारी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी करणार, असं मीच सगळ्यांना सांगत फिरत होते. मग फेलिसाबाईच्या ऑफिसबाहेर बाकावर एक बाई भेटली. तिकडून परत आलेली. काही बोलली नाही फारसं. बाही वर करून तिने मला हात दाखवला आणि पुन्हा खाली ओढली. त्या दिवसापासून मला अन्न जाईना. पासपोर्टच्या तारखेला मी अंथरुणातून उठलेच नाही. ताप आला म्हटलं. ताप नव्हता.

आयरा माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, तू घाबरलीस ना? मी जाते. मला नाही भीती वाटत." तिला खरंच वाटत नव्हती, कारण तो हात तिने पाहिला नव्हता. मी तिला सांगितलाही नाही.

फेलिसाबाई म्हणाली, "ठरलेलं घर हातचं कशाला घालवता? जन्मदाखला मोठीचा, फोटो धाकटीचा. बहिणी-बहिणीच आहात, चेहरा तोच." मी माझा जन्मदाखला काढून दिला. माझ्या हाताने. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घडी पडू नये म्हणून.

दादा, कागदावर आयरा इथे घरी आहे. तिकडे जी आहे ती मी आहे. ज्युव्हेलिन गाबासा, वय सत्तावीस. म्हणून मी ऑफिसात जाऊ शकले नाही. मी कोणाची तक्रार करणार? मी हरवले म्हणून सांगू? खोट्या कागदाला तुरुंग आहे, फेलिसाबाईने मला दोनदा बजावलं. "तोंड उघडलंस तर आधी तू आत जाशील," असं तिने धक्क्यावर, आईच्या टोपलीतला भात विकत घेताना, हसत हसत सांगितलं.

त्या भीतीने मी माझ्या बहिणीची कोंबडी तीनदा बघून न बघितल्यासारखी केली.

उद्या गोगलगाय टोकाला पोचते. खेळ आहे, मला कळतं. गोगलगाय पोचल्याने आयराला काही होणार नाही. पण उद्यानंतर तिला चाल करायला जागाच उरणार नाही, आणि मला ती आहे की नाही हे कळायचा दुसरा रस्ता नाही.

करार माझ्या नावावर असल्यामुळे त्या घराचा पत्ता माझ्याकडे आहे. मागच्या पानावर लिहिला आहे. मी उद्या पहिल्या बोटीने इलोइलोच्या ऑफिसात जाते. तू मॅनिलाच्या ऑफिसात जा. आता सगळं सांग, तिचं नाव, माझं नाव, सगळं.

ज्युव्हेलिन


१४ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझा फोन येतो, पण तू कामाचं बोलतोस आणि ठेवतोस. माझी तक्रार नाही. पण त्या दिवशी काय झालं ते तू विचारलं नाहीस आणि मला ते कुणालातरी सांगायचं आहे.

नऊ तारखेला ऑफिस उघडायच्या आधीच मी दारात होते. चष्मा लावलेली एक बाई खिडकीत बसली होती.

"तक्रार कोणाबद्दल?"

"ज्युव्हेलिन गाबासा. आखातात घरकामाला आहे. दहा दिवस पत्ता नाही."

"तुम्ही तिच्या कोण?"

मी ओळखपत्र पुढे सरकवलं. तिने ते वाचलं, अर्जावरचं नाव वाचलं, चष्मा काढला.

"बाई, सकाळी सकाळी थट्टा करायला आलात का?"

"नाही मॅडम. ज्युव्हेलिन मी आहे. तिकडे माझ्या नावावर माझी धाकटी बहीण गेली आहे. तिचं नाव आयरा. ती एकोणीस वर्षांची आहे. कागद मी दिले."

ती बाई उठली आणि मला आत घेऊन गेली. मला वाटलं आता पोलीस येतील. तिने पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाली, "सुरुवातीपासून सांगा. घाई करू नका, पण काही लपवूही नका." मी सांगत होते, ती लिहीत होती. एजंटबाईचं नाव विचारलं, तेही सांगितलं.

तेवढ्यात माझ्या पिशवीत फोन वाजू लागला. ढोल, शिट्ट्या, बेडकांचं डरांव डरांव. घाईघाईने बाहेर काढला तर पडद्यावर माझा रेडा टोपी उडवत नाचत होता आणि पलीकडे आयराचा रेडा डोक्याखाली पाय घेऊन घोरत होता. 'तू जिंकलीस!' असं चमकत होतं. मला तो आवाज बंद करता येईना. शेवटी त्या बाईनेच माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला.

"काय होतं हे?"

"ती होती मॅडम," मी म्हटलं. मग जे रडू आलं ते आवरेना.

त्याच संध्याकाळी नीदाच्या फोनवर तुझा निरोप आला. 'पत्र वाचलं. उद्या मॅनिलाच्या ऑफिसात जातो. तू जबाब बदलू नकोस.' तीन वाक्यं. मी ती नीदाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली.

मग तिकडून बातमी येईपर्यंतचे ते अकरा दिवस. त्यांचं काय लिहू? दारावर कोणी आलं की मला वाटे, निरोप आला. फेलिसाबाई एकदा येऊन अंगणात उभी राहून शिव्या देऊन गेली, तेव्हाच आईला सगळं कळलं. आई ओरडली नाही. भाताची पानं धूत होती, ती धूतच राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, गुडघा राहू दे." तेवढंच. अजून तेवढंच.

आपल्या वकिलातीची माणसं त्या घरी गेली तेव्हा काय झालं ते तू मला फोनवर दोन ओळींत सांगितलंस. बाकीचं इलोइलोच्या त्या चष्म्यातल्या बाईने सांगितलं. मालकिणीने दारातच कागद दाखवला होता, ज्युव्हेलिन पळून गेली, आम्ही पोलिसांत कळवलं आहे. कागद खरा होता, शिक्का होता. माणसं परत फिरायला निघाली होती. त्यांच्यातल्या एकीने जाता जाता जिन्यावर बसलेल्या दानाला विचारलं, "ज्युव्हेलिन कुठे गेली गं?" दानाने मान हलवली. तिला ज्युव्हेलिन कोण हेच माहीत नव्हतं. मग त्या बाईला तू लिहून दिलेलं नाव आठवलं. "आणि आयरा?"

दानाने मागच्या अंगणातल्या कपडे धुण्याच्या खोलीकडे बोट दाखवलं.

आयराने त्या पोरीला आपलं खरं नाव सांगून ठेवलं होतं. घरात तिला नावाने हाक मारणारी तेवढी एकच होती.

तिथे कोंडून ठेवलेल्या आयराचं मनगट मोडलेलं होतं आणि ते कोणी बांधलंही नव्हतं. मालकिणीने तिला खेळताना पकडलं त्या दिवशीचं ते, तीस तारखेचं. डॉक्टर म्हणतात हाड वाकडं जुळलं आहे, पुन्हा मोडून बसवावं लागेल. मी हे लिहिते आहे आणि तारखा मोजते आहे. पहिल्यांदा तिने वजीर दिला तेव्हा तिचा हात चांगला होता, दादा. दुसऱ्यांदाही होता.

परवा निवारा केंद्रातून तिचा आईला फोन आला. दोघी खूप वेळ बोलल्या, आई रडत होती आणि मध्येच जेवतेस का, झोपतेस का विचारत होती. मग आईने न विचारताच फोन माझ्या कानाला लावला.

"ताई?"

"बोल गं."

"एक विचारू? खेळ तुझ्याकडे नीट चालत होता ना? मला वाटत होतं माझ्या चालीच तुझ्यापर्यंत पोचत नाहीत. कारण तू कोंबडी मारलीच नाहीस."

दादा, मी म्हटलं, "हो गं. फोन बिघडला होता."

"तेच म्हटलं मी," ती म्हणाली. "मी रोज स्वतःला तेच सांगायचे. ताईला दिसलं असतं तर ती थांबली नसती." आणि ती सुटल्यासारखी हसली. तिचं हसणं ऐकून मी जितकी घाबरले, तितकी त्या दहा दिवसांतही घाबरले नव्हते.

शुक्रवारी तू तिला मॅनिलाहून घेऊन इलोइलोला उतरशील आणि बोटीने इकडे येशील. माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकीलबाई म्हणते, स्वतःहून येऊन सांगितलं हे धरतील, पण शिक्षा होणारच नाही असं नाही. तुरुंगाची भीती मला आता तितकी वाटत नाही, हे खरं सांगते. काल मी आईबरोबर धक्क्यावर भात विकायला बसले होते. बोट लागली, माणसं उतरू लागली, आणि मी उठून टपरीच्या मागे जाऊन उभी राहिले. शुक्रवार अजून सहा दिवस लांब असताना.

सहा ऑगस्टचं ते पत्र तुझ्याकडे आहे. आधी मी ठरवलं होतं की तुला लिहावं, तेच वाटेत तिला वाचायला दे, म्हणजे मला तोंडाने सांगावं लागणार नाही. हा कागद घेतला तो त्यासाठीच. पण नको. देऊ नकोस. तिला काही सांगूही नकोस. माझा फोन बिघडला नव्हता हे तिला मीच सांगेन, बोटीतून उतरल्यावर, तिने बॅग खाली ठेवायच्या आधी. एकदा ठेवली आणि मग सांगितलं तर निघून जाताना तिला परत उचलावी लागेल, तीही एका हाताने.

तू तिच्या जवळ उभा राहा. माझ्या नाही.

तुझी बहीण. तिची अजून आहे की नाही, ते शुक्रवारी कळेल.

ज्युव्हेलिन